आडनावामागचं कूळ : पेडणे-डिचोलीच्या आठवणी

मंडळी, आमचं मूळ घर पेडणे महालातलं. मुंबईत आता तिसरी पिढी. इथं कोणी पेडणेकर भेटला की शेजारी हमखास विचारतात, "तुमच्यातलेच का हो?" तसं काही नसतं. गाव सोडून बाहेर पडलेल्याला लोकांनी गावावरून हाक मारली, तेच आडनाव झालं. म्हणून पेडणेकर अनेक जातींत, अनेक कुळांत सापडतात.

आमची आजी पाहुण्याला आडनाव विचारतच नसे. "गांव खंयचो? कुळदेव कोण?" एवढंच. कारण गावात माणूस ओळखला जायचा तो वांगडावरून. वांगड म्हणजे गावकारांचं एकेक कूळ. देवळातला मान, पालखीचा खांदा, शिगम्यातला क्रम, सगळं त्यावर ठरायचं. वारुळाच्या, म्हणजे रोयणीच्या, रूपातली सातेरी आणि राखणारा रवळनाथ हे गावाचे. कुळाचा देव मात्र कधी कधी दूरच्या गावी असायचा.

त्यालाही इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव नदीपलीकडे नेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथलं देऊळ नव्यानं बांधायला लावलं. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते थेट १७८८ साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून इकडची देवळं आणि रीती टिकल्या.

सात बहिणींची कथा तुम्हीही ऐकली असेल. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया या डिचोलीत, मोरजाई पेडण्यात, आणि मिराबाय म्हणजे म्हापशाची मिलाग्रिस सायबीण. धर्म बदलला तरी बहीण परकी झाली नाही, असंच आमच्याकडे मानतात.

आता मुद्द्याचं. लग्न ठरवताना मुलं विचारतात, "आपलं कूळ कोणतं?" आणि सांगणारी माणसं एकेक करून जाताहेत. वांगडाची माहिती आधार कार्डावर नसते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, वांगड, कुळदेव आणि राखणदार एवढं तरी वहीत लिहून घ्या. या मे महिन्यात गावी जाल तेव्हाच विचारा. आणि तुमचा कुळदेव कुठला, तेही इथं जरूर कळवा.