ग्रॅमभर कोळसा, नऊ मैदानं

मुलुंडला उतरा. फोन खिशातच राहू द्या, इथे त्याला रेंज नाही. 1942 सालचा मे महिना आहे. पूर्वेकडच्या मिठागरांवरून खारट वारा येतोय, त्यात घोड्याच्या लिदीचा आणि तापलेल्या धुळीचा वास मिसळलाय. तुम्ही आलात ती लोकल विजेवर धावते, पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलंत की सगळा संसार कोळशावर चालतो. लाकडाच्या कोळशावर.

समोर वखार आहे. हमालानं गोणी उलटी केली आणि काळा धुरळा थेट तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला. चोळू नका, नुसता झटका. वखारवाला दोन कोळसे एकमेकांवर आपटतो. टण्ण! "हा पक्का," तो म्हणतो. "बद्द वाजला तर आत लाकूड कच्चं राहिलंय. घरभर धूर करील." मनगटाएवढा एक तुकडा हातात घ्या. अरे, याला वजनच नाही! तुटलेल्या टोकाकडे बघा. झाडाची वर्तुळं जशीच्या तशी आहेत. लाकूड गेलं, पण त्याचा सांगाडा उरला.

बाहेर घरघर कसली? मोटार सुरू होतेय. पेट्रोल रेशनवर मिळतं, म्हणून गाडीच्या मागे लोखंडी टाकी जोडलीय आणि टाकीत धगधगते कोळसे आहेत. क्लीनर घामाघूम होऊन हातानं पंखा फिरवतोय. दहा-पंधरा मिनिटं झाली तरी इंजिन नुसतं खोकतंय. निखाऱ्यांतून ओढलेल्या हवेचा जळाऊ वायू होतो, तो गाळून, थंड करून इंजिनात जातो. "मागं सरा, त्या वायूनं चक्कर येते!" ड्रायव्हर ओरडतो. एकदाची गाडी निघते. पुढे चढ लागला की खाली उतरा आणि खांदा लावा. पेट्रोलचा जोर या वायूला नाही.

आता डोंगराच्या बाजूला चला. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत गेलात की मातीचा एक ढिगारा धुमसताना दिसेल. ही कोळशाची भट्टी. लाकडं रचून, त्यावर पाला घालून वरून माती लिंपलीय. काठाशी एक कातकरी जोडपं बसलंय. रात्रभर जागून दोघांचे डोळे लाल झालेत. पांढरा, ओलसर धूर निवळून निळा झाला की तो माणूस एकेक भोक बुजवायला लागतो. "भेग दिसली की लगेच लिंपायची," तो सांगतो. "हवा शिरली तर सकाळी नुसती राख." बाई तुमच्या हातात चिखलाचा गोळा देते. लिंपा ती भेग! तळहात चटकला ना? या धंद्याची सगळी विद्या त्या चटक्यात आहे: आग द्यायची, पण हवा द्यायची नाही.

संध्याकाळी चाळीत या. दारोदारी शेगड्या पेटल्यात, पंख्यांची फडफड चाललीय, धुरानं डोळे चुरचुरतायत. एक काकू गोणीच्या तळाचा चुरा शेण-मातीत कालवून गोळे वळतायत. "उभे काय राहिलात? हात लावा!" कोपर काळं होईपर्यंत वळा. मग हात धुताना गार कोळशाचा एक तुकडा पाण्याच्या वाटीत टाका आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येते, बुडबुड्यांची माळ वर येते. कोळशाच्या असंख्य छिद्रांतली हवा बाहेर पडतेय. शेजारी काकूंची सून राखेनं भांडी घासतेय. झाडानं जमिनीतून ओढलेले क्षार त्या राखेत असतात, म्हणून चिकटा निघतो.

हे बुडबुडे आणि ही राख लक्षात ठेवून परत या.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाची वाळकी पानं दळली आणि हवा न लागू देता सुमारे 1000 अंशांवर तापवली. त्यांचं हे काम 2013 साली प्रसिद्ध झालं. एरवी असा कोळसा सच्छिद्र करायला वेगळी रसायनं घालावी लागतात. इथे ते काम पानातल्या क्षारांनीच केलं. एका ग्रॅम कोळशात छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ भरलं सुमारे 1230 चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची नऊ मैदानं आणि वर थोडं!

त्या भिंतींवर विद्युतभार साठवणाऱ्या उपकरणाला सुपरकपॅसिटर म्हणतात. उपकरणात भरलेल्या द्रावणातले भारित कण भिंतींना येऊन चिकटतात आणि हवे तेव्हा सुटतात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. बॅटरीइतकी ऊर्जा त्यात मावत नाही, पण झटक्यात घेणं आणि झटक्यात देणं त्याला जमतं. बाजारातल्या सुपरकपॅसिटरांत नारळाच्या करवंटीचा कोळसा आजही वापरला जातो. तीच करवंटी, जी आपण खोबरं खवून झालं की कचऱ्यात टाकतो.

तुमच्या सोसायटीच्या आवारातही कडुनिंब असेल. फाल्गुन-चैत्रात खाली पिवळ्या पानांचा ढीग लागतो आणि कुणीतरी त्याला काडी लावतं. उघड्यावर हवा मोकळी मिळते, धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो आणि मागे उरते चिमूटभर राख. हवा शिरू नये, याच एका गोष्टीसाठी भट्टीवरचं ते जोडपं रात्रभर जागत होतं. पुढच्या वेळी कुणी काडी ओढताना दिसलं, तर त्याचा हात धरा. ढिगाचं खत करा, सुका पाला वेगळा द्या, पण जाळू देऊ नका.