धुराच्या खोलीची किल्ली

डिसेंबर-जानेवारी आला की अमेरिकेतले मराठी मित्र अंगणातल्या स्मोकरचे फोटो टाकतात. बाहेर बर्फ, आत हिकरीच्या धुरात मांस. खाली कमेंट ठरलेली, 'टिपिकल अमेरिकन!' अमेरिकन आहेच. पण ही कला कुणाच्या हातांनी टिकवली, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

फ्रिज नव्हते तेव्हा व्हर्जिनियात डुकरं कापायची ती थंडीतच. कारण साधं आहे. हवा उबदार असेल तर मीठ मुरायच्या आधीच हाडाजवळचं मांस सडतं. आणि मांस पार गोठलं तर मीठ आत शिरत नाही. त्यामुळे नेमकी मधली थंडी साधावी लागे. मग मांड्यांना मीठ चोळायचं, काही आठवडे मिठात ठेवायचं, धुऊन आढ्याला टांगायचं आणि खाली लाकडं नुसती धुमसत ठेवायची. जाळ होऊ द्यायचा नाही, कारण मांस शिजवायचं नसतं, टिकवायचं असतं. हे ज्याला जमतं तो कसबी कारागीर. मोठ्या मळ्यांवर हे काम गुलामांच्या हातचं होतं.

1786 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने फ्रान्समध्ये लाफायेतच्या घरी व्हर्जिनिया हॅमचं पिंप पाठवल्याचं कळवलं. व्हर्जिनियातल्या स्त्रियांना आपल्या बेकनचा अभिमान असतो, असंही त्याने लिहिलं. अभिमान मालकिणीचा. स्मोकहाऊसमध्ये राबणारे मात्र पत्रात कुठेच नाहीत.

या स्मोकहाऊसला सहसा खिडकी नसे, दाराला कुलूप मात्र असे. किल्ली मालकाच्या घरात. मेरीलँडच्या मळ्यावर वाढलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आत्मचरित्रात हिशेब दिलाय : मोठ्या माणसाला महिन्याला 8 पौंड डुकराचं मांस किंवा तेवढ्या मोलाची मासळी, आणि एक बुशेल मक्याचं पीठ. 8 पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला, महिनाभर!

पुढे यादवी युद्धात दक्षिणेची नाकेबंदी झाली आणि मीठ मिळेनासं झालं. तेव्हा लोकांनी स्मोकहाऊसची जमीन खणली, वर्षानुवर्षं मांसातून ठिबकलेलं मीठ त्या मातीतून उकळून काढलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली.

आणि कुलूप? माझ्या मते ते गेलं नाही, फक्त जागा बदलली. 1876 मध्ये मिसिसिपीत कायदा झाला. लोक त्याला 'डुक्कर कायदा'च म्हणत. डुक्कर किंवा इतर जनावर चोरलं, किंवा 10 डॉलरचा माल चोरला, तर तो मोठा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. तुरुंग भरले ते मुख्यतः काळ्या माणसांनी, आणि हे कैदी भाड्याने पुन्हा मळ्यांवरच कामाला पाठवले गेले.

पण दुसरी बाजूही आहे. व्हर्जिनियातच मुक्त झालेल्या गुलामांनी फ्रीटाउन नावाची वस्ती वसवली. वसवणाऱ्यांपैकी एकाची नात एडना लुईस, जन्म 1916. तिने 1976 मध्ये आपल्या गावच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्यात हिवाळ्यात डुकरं कापायचे दिवस आहेत, शेजारीपाजारी एकमेकांच्या मदतीला येतात. काम तेच, थंडी तीच. फक्त डुक्कर आपलं आणि किल्लीही आपली. मला स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या माहीत नाही.

आता गंमत बघा. 1926 मध्ये व्हर्जिनियाने अस्सल 'स्मिथफील्ड हॅम' कशाला म्हणायचं याचा कायदा केला. डुक्कर कुठल्या भागातलं, त्याने शेंगदाणे खाल्लेले असावेत, मीठ-धुरी कुठल्या गावात, सगळं त्यात आलं. ज्यांच्या हातांनी ही चव घडवली त्यांच्याबद्दल त्या व्याख्येत अक्षर नाही.

आपला याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. जोतीराव फुल्यांना तो 1873 मध्येच दिसला होता. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. आपल्याकडेही पदार्थांना घराण्यांची, गावांची नावं चिकटतात, भौगोलिक मानांकनं मिळतात. चांगलंच आहे. पण पुढच्या वेळी 'पारंपरिक चव' अशी पाटी दिसली की एवढं जरूर विचारा : हे बनवणारे हात कुणाचे होते, आणि त्यांच्या ताटात त्यातलं किती पडत होतं?