कारागृहातील बंद्यांची संसर्गजन्य आजारांची तपासणी: कुटुंबीयांनी काय जाणून घ्यावे?

घरातील एखादी व्यक्ती वर्धा जिल्हा कारागृहात किंवा नागपूर मध्यवर्ती कारागृहात गेली, की घरचे वकील आणि जामिनाच्या धावपळीत लागतात. आरोग्याचा विचार मागे पडतो. मग मुलाखतीच्या वेळी कळते की 'आत रक्त घेतले, छातीचा फोटो काढला', आणि मनात भीती बसते. बोरगाव मेघे आणि आसपासच्या कुटुंबांना अशा वेळी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

तपासणी का करतात?

रक्त घेतले म्हणजे आजार आहे असे नाही. नवीन बंदी दाखल झाल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासून नोंद ठेवायची, ही पद्धत १८९४ च्या कारागृह कायद्यापासून आहे. त्यामागचे कारण साधे आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटला सुरू असलेले होते. दाटीवाटीच्या, कमी हवेशीर बरॅकमध्ये एकाचा खोकला अनेकांना आजारी पाडू शकतो. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शंभरहून अधिक बंदी व कर्मचारी कोरोनाबाधित निघाले होते. क्षयरोगाचे प्रमाण तर जगभरातील कारागृहांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त आढळते. बहुतेक न्यायाधीन बंदी पुढे जामिनावर घरी येतात, त्यामुळे ही तपासणी घराच्या आणि गावाच्याही फायद्याची आहे.

कोणत्या आजारांची तपासणी होते?

- क्षयरोग (टीबी): दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे ही लक्षणे विचारतात. गरजेनुसार छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करतात.
- एचआयव्ही: आधी समुपदेशन, मग संमती घेऊन रक्ततपासणी. वेगवेगळ्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्के मानतात.
- हिपॅटायटिस बी आणि सी (कावीळ): 'सी'ची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर विषाणू अजून शरीरात आहे का, हे पाहणारी दुसरी चाचणी लागते.
- सिफिलिस (गरमी) आणि खरूज.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता काळजी नाही ना?

आजचा रिपोर्ट आजपुरता असतो. एचआयव्हीची लागण नुकतीच झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. टीबीचे जंतू शरीरात कित्येक वर्षे सुप्त राहू शकतात. त्यामुळे 'आत गेल्यामुळेच झाला' असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. नंतर खोकला सुरू झाला तर पुन्हा तपासणी मागण्याचा बंद्याला हक्क आहे.

पॉझिटिव्ह आला तर?

टीबीचे उपचार मोफत असतात. नेहमीच्या टीबीत ते साधारण सहा महिने चालतात. रुग्णाची नोंद 'निक्षय' प्रणालीत होते आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपयांची मदत मिळते. हिपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. एचआयव्हीची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, पण ती नियमित घेणारी व्यक्ती दीर्घ आयुष्य जगते.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गोपनीय ठेवावा लागतो. म्हणून कारागृहाने निकाल तुम्हाला सांगितला नाही, तर 'लपवतात' असा अर्थ काढू नका. तो सांगण्याचा पहिला अधिकार त्या व्यक्तीचा आहे.

सर्वांत धोक्याचा टप्पा: सुटका

जामीन अचानक मंजूर होतो. माणूस संध्याकाळी बाहेर येतो, औषधे आतच राहतात. आठवडाभर बरे वाटते, म्हणून कोणी विचारत नाही. टीबीचे उपचार असे मध्येच तुटले तर आजार उलटतो, औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो आणि घरातील लहान मुलांना लागण होऊ शकते. म्हणून:

१. उपचार सुरू असल्यास निक्षय क्रमांक आणि उपचाराचे कार्ड मागून घ्या.
२. सुटकेनंतर एक-दोन दिवसांतच वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्याच क्रमांकावर उपचार पुढे चालू राहतात.
३. टीबी रुग्णासोबत राहणाऱ्या सर्वांनी तपासणी करून घ्या. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा.
४. खरूज असेल तर घरातील सर्वांनी एकाच वेळी मलम लावावे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुवावे.

आत असताना तुम्ही काय करू शकता?

आधीपासून मधुमेह, मिरगी, टीबी किंवा एचआयव्हीची औषधे सुरू असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत अर्जासोबत कारागृह अधीक्षकांकडे द्या. त्यात हयगय झाली तर वकिलामार्फत न्यायालयात सांगा. वकील परवडत नसेल तर कोठडीतील व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो (हेल्पलाइन १५१००).

मुलाखतीला जाण्याची भीती बाळगू नका. थोड्या वेळाच्या भेटीत टीबीचा धोका कमी असतो आणि एचआयव्ही स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही. घरी परतलेल्याचे ताट-वाटी वेगळे करण्याची गरज नाही. गरज आहे ती गोळी वेळेवर घेतली का, हे रोज विचारण्याची.

टीबीविषयी माहितीसाठी १८००-११-६६६६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ या मोफत क्रमांकांवर फोन करा. खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्या. ही माहिती सर्वसाधारण आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.