स्त्रीपात्रांची वेशभूषा : सोय आणि देहप्रदर्शन यांचा वाद

१९९६ साली ‘टूम रेडर’ या संगणकीय खेळातील लारा क्रॉफ्ट ही नायिका तोकड्या चड्डीत अवतरली. २०१३ च्या नव्या मांडणीत तिला लांब विजार मिळाली. नायिकेचा पोशाख तिच्या कामासाठी की पाहणाऱ्यासाठी, हा वाद मराठी प्रदेशाला नवा नाही.

१८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. स्त्रीभूमिका अर्थातच पुरुषांकडे होत्या. १९०५ मध्ये मिरजेत बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले आणि पुढे त्यांच्या शालूंचे व अलंकारांचे अनुकरण कुलीन स्त्रियाही करू लागल्या. राजा रविवर्मा यांनी (त्यांची चित्रे सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात आहेत) अनेक पौराणिक नायिकांना नऊवारी नेसविली. कासोट्याची नऊवारी हा मुळात श्रमाचा वेश. तीत पाय मोकळे राहतात, शेतात वाकता येते, घोड्यावर बसता येते. शेतात पोटऱ्या उघड्या पडल्या म्हणून तिला सहसा कोणी उत्तान म्हटले नाही.

१९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात मात्र मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि गहजब उडाला. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे. वस्तुतः पाण्यात उतरण्यासाठी त्याहून सोयीचा पोशाख कोणता? तेव्हा आक्षेप गैरसोयीला नव्हता. तो पडद्यावर दिसणाऱ्या स्त्रीच्या देहाला होता. बालगंधर्वांच्या शालूला हा निकष लागला नव्हता, कारण शालूआडचा देह पुरुषाचा होता.