माउंटन बाइकचा जोडदांड्यांचा फोर्क : इतिहास आणि पुनर्बांधणी

एखाद्या वस्तूचे कोणते रूप मूळ मानावयाचे, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संपादकास जसा पडतो तसाच तो जुन्या यंत्रांची पुनर्बांधणी करणाऱ्यासही पडतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या माउंटन बाइकला नव्याने घडविलेला जोडदांड्यांचा फोर्क बसविणे उचित की अनुचित, हा त्याच जातीचा प्रश्न होय. त्याचा निर्णय केवळ आवडीनिवडीवर सोपविण्याचे कारण नाही. या फोर्कचा इतिहास नीट तपासला असता त्यास पुरेसा आधार सापडतो.

फोर्क म्हणजे सायकलीचे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग. त्यास धक्के झेलण्याची शक्ती देण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्या रचनेत एका नळीत दुसरी नळी सरकते. आतील स्प्रिंग धक्का घेते आणि तेल तिची उसळी आवरते. हाच टेलिस्कोपिक फोर्क. आजच्या बहुतेक मोटारसायकलींवर तो दिसतो. दुसऱ्या रचनेत नळीत नळी सरकण्याचे कारण उरत नाही. तीत चाकाचा भार आखूड दांड्यांवर येतो, त्या दांड्या खिळींवर फिरतात आणि त्यांच्या फिरण्याने स्प्रिंग दबते. पहिल्या रचनेत चाकाचा आस नळीच्या सरळ रेषेतच जाऊ शकतो. दुसऱ्या रचनेत त्याचा मार्ग दांड्यांची लांबी व त्यांचे कोन यांवरून ठरतो, म्हणजेच तो रचनाकाराच्या हाती राहतो. ब्रेक लावताच टेलिस्कोपिक फोर्क दबून सायकल पुढे झुकते. जोडदांड्यांची मांडणी विचारपूर्वक केल्यास हे झुकणे बरेच कमी करता येते.

या रचनेची परंपरा मोटारसायकलींपासून चालत आलेली आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश मोटारसायकलींवर जोडदांड्यांचा ‘गर्डर’ फोर्क सर्रास असे. १९३५ मध्ये बी.एम.डब्ल्यू. कंपनीने तेलाने उसळी आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क आपल्या मोटारसायकलींवर आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तोच प्रकार सर्वत्र रूढ झाला. तथापि याच कंपनीने १९५५ ते १९६९ या काळात इंग्रज रचनाकार अर्नेस्ट अर्ल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा झुलत्या दांडीचा फोर्क वापरला, आणि २००४ मध्ये आपल्या एका नव्या मोटारसायकलीसाठी जोडदांड्यांची निराळी मांडणी स्वीकारली. सदोष म्हणून कायमची टाकून दिलेली रचना अशा रीतीने पुनःपुन्हा परतत नाही.

माउंटन बाइकचा उगम कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या वाटांनी उतरू लागले. या सायकलींत १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या श्विन कंपनीच्या सायकली पुष्कळ होत्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे २ मैलांच्या अंतरात १,३०० फूट उतरावयाचे असल्यामुळे मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच शर्यतीस व वाटेसही ते नाव पडले. डागडुजीच्या क्रियेचे स्थलनाम व्हावे, यात त्या साऱ्या उद्योगाचे स्वरूप नेमके उमटले आहे. त्या तरुणांनी जुन्या सायकलींना मोटारसायकलींचे ब्रेक-लीव्हर, ड्रम-ब्रेक आणि गिअर बसविले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी मुद्दाम नवी फ्रेम घडविली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली. या नव्या सायकलींचे फोर्क ताठ होते. परंतु श्विन कंपनीने १९३० नंतरच्या दशकातच आपल्या काही सायकलींना खिळीवर झुलणारा, स्प्रिंगचा फोर्क दिलेला होता. म्हणजे माउंटन बाइकच्या पूर्वजांच्या घरात ही कल्पना आधीपासून नांदत होती.

माउंटन बाइकसाठी धक्के झेलणारा फोर्क रूढ केला तो पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीने. तिचा पहिला फोर्क टेलिस्कोपिक होता व चाकास सुमारे २ इंच हालचाल देई. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी उताराची शर्यत याच कंपनीच्या फोर्कवर जिंकली. त्यानंतरच्या काही वर्षांत जोडदांड्यांचा पक्षही पुढे आला. त्याचे दोन प्रमुख पुरस्कर्ते मोटारसायकलींच्या शर्यतींतून आलेले होते. एक, १९६९ चे अमेरिकन विजेते मर्ट लॉविल. दुसरे, एएमपी रिसर्च ही कंपनी काढणारे ऑस्ट्रियन मोटोक्रॉसपटू होर्स्ट लाइटनर. बॉब गर्विन यांचा ‘व्हेक्टर’ हा फोर्कही याच वर्गातला.

हा पक्ष हरला त्याची कारणे दोन. खिळी आणि बुश झिजले की फोर्क खिळखिळा होतो. त्यांना वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते, आणि सामान्य ग्राहक ते देत नाही. दुसरे कारण अधिक निर्णायक होते. उताराच्या शर्यतींसाठी चाकाची हालचाल २ इंचांवरून ८ इंचांपर्यंत वाढत गेली. टेलिस्कोपिक फोर्कमध्ये त्यासाठी मुख्यतः नळ्या लांब व जाड कराव्या लागतात; जोडदांड्यांच्या फोर्कमध्ये सारी मांडणीच नव्याने आखावी लागते. २०१८ मध्ये डेव्ह वीगल यांच्या रचनेचा ‘ट्रस्ट’ कंपनीचा कार्बनचा फोर्क बाजारात आला, परंतु ती कंपनीही २०२० मध्ये बंद पडली.

पुनर्बांधणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच हिशेब उलटा होतो. १९९० नंतरच्या दशकातील अनेक टेलिस्कोपिक फोर्कांत स्प्रिंगच्या जागी इलॅस्टोमरच्या चकत्या असत. त्या वयोमानाने ठिसूळ वा चिकट होऊन निकामी होतात. त्या फोर्कांचे सील व आतील भाग आता दुर्मिळ आहेत, आणि ते घरगुती हत्यारांनी बनविता येत नाहीत. आजच्या बहुतेक नव्या फोर्कांचा दांडा खाली रुंद होत गेलेला असल्याने तो १ किंवा १⅛ इंची जुन्या नळीत शिरत नाही. जोडदांड्यांच्या फोर्कचे बुश मात्र काशाच्या सळईतून साध्या लेथवर कातता येतात. ज्या झिजेमुळे बाजाराने ही रचना नाकारली, तीच झीज ती दुरुस्त होण्याजोगी ठेवते.

अर्थात असा फोर्क घडविणे हे सोपे काम नव्हे. ताठ फोर्कच्या मापाने आखलेल्या फ्रेमला २० मिलिमीटर अधिक उंच फोर्क लावल्यास तिच्या पुढच्या नळीचा कोन सुमारे १ अंशाने कलतो आणि सायकल वळविताना जड वाटू लागते. म्हणून स्वार बसल्यावर दबलेल्या स्थितीत फोर्कची उंची मूळ ताठ फोर्कइतकी भरेल, अशी मांडणी करावी लागते. ब्रेकची गोष्टही तशीच. जुन्या कँटिलिव्हर ब्रेकच्या केबलचे आवरण हँडलपाशी अडकविले, तर फोर्क दबताच केबल सैल पडते. ते आवरण चाकाबरोबर हलणाऱ्या भागावरच अडकवावे लागते. १९९६ च्या सुमारास आलेला शिमानोचा व्ही-ब्रेक ही अडचण मुळातच टाळतो. परंतु १९८८ च्या सायकलीवर तो काळाशी विसंगत ठरतो. शिवाय खीळ वा वेल्डिंग तुटल्यास स्वार तोंडावर आपटतो, तेव्हा येथील चूक केवळ सौंदर्याची राहत नाही.

ब्रीझ यांची पहिली सायकल अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिचा एक खिळाही बदलणे अनुचित होईल. कारण ती प्रत एकमेव आहे. परंतु कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या सायकलीस हाच नियम लावला तर ती वापराबाहेर जाते, आणि वापराबाहेर गेलेल्या सायकलीकडून ती कशी चालत असे हे कोणासही कळत नाही. अशा सायकलीस नवा जोडदांड्यांचा फोर्क देणे परंपरेस धरूनच आहे. मात्र संपादकावरील बंधने येथेही पाळली पाहिजेत. फ्रेम कापू नये, मूळ फोर्क जपून ठेवावा, आणि नव्या भागावर त्याचे साल कोरावे. पाठात घातलेली भर कंसात दाखविली की वाचकाची फसवणूक होत नाही. येथे कोरलेले साल तेच काम करते.