अमर बरोबरी

बुद्धिबळातील बलिदानयुक्त आक्रमणाचा, अविरत शहाने बरोबरीत सुटलेला प्रसिद्ध डाव. तो १८७२ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल हाम्पे (पांढरी मोहरी) आणि फिलिप माइटनर (काळी मोहरी) यांच्यात झाला. माइटनर वकील होते. भौतिकीविज्ञ लीझ माइटनर या त्यांच्या कन्या (पहा : माइटनर, लीझ). सुरुवात व्हिएन्ना पद्धतीची असून हाम्पे तिच्या आद्य अभ्यासकांपैकी होते (पहा : बुद्धिबळ).

तिसऱ्या चालीत काळ्याने एफ-२ वर उंट दिला आणि पांढरा राजा उघड्यावर आला. नवव्या चालीत ए-४ वर वजीर व पाठोपाठ सी-५ वर घोडा देऊन त्याने राजाला स्वतःच्या गोटात खेचले. चौदाव्या चालीतील सी-६ वरील उंट हा पांढऱ्याचा निर्णायक बचाव. तो डावातील सर्वांत खोल चाल ठरतो. पुढे काळ्याचा उंट बी-७ व ए-६ या घरांवरून आळीपाळीने शह देत राहतो. बी-७ वरील उंट राजाने मारल्यास काळा राजा डी-७ वर येतो. पांढऱ्या वजिराने जी-४ वरून शह दिला तरी तो डी-६ वर सरकतो आणि बी-८ वर येणारा हत्ती मात करतो. त्यामुळे वजीर व अधिक मोहरी हाती असूनही पांढऱ्याला बरोबरी पत्करावी लागली.

अविरत शहाचे उदाहरण म्हणून हा अठरा चालींचा डाव बुद्धिबळाच्या संग्रहांत वारंवार छापला जातो.