इंची आटे आणि मेट्रिक आटे

भिलाईचा इतिहास सांगताना आपण भट्ट्यांची उंची सांगतो, पोलादाचे टन मोजतो. परंतु ज्या नट-बोल्टांनी ही सारी यंत्रे एकत्र धरली, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांच्याविषयीच चार शब्द लिहीत आहोत.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली व नागपूर आपल्याला परराज्यातले झाले. त्याच वर्षी वजनमापांचा कायदा होऊन देशाने मेट्रिक पद्धतीची वाट धरली.

तोवर आपल्याकडील रेल्वेच्या व गिरण्यांच्या कारखान्यांचे वळण इंग्रजी होते. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये मांडलेला ५५ अंशांचा इंची आटा तेथील हातांना सरावाचा. सोव्हिएत यंत्रे मात्र मेट्रिक मापाची. त्यांच्या आट्याचा कोन ६० अंशांचा. पाच-अष्टमांश इंची बोल्टाचा व्यास १५.८८ मिलिमीटर. तो १६ मिलिमीटरच्या बोल्टाशेजारी ठेवला, तर डोळ्यांना फरक कळत नाही. परंतु पहिल्यात दोन आट्यांमधील अंतर २.३१ मिलिमीटर, तर दुसऱ्यात २ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा चढतो आणि अडतो. तेथे पान्याने जोर केला की आटे मरतात. जोड घट्ट भासतो, पण भार पेलीत नाही. जेथे डोक्यावरून वितळलेल्या धातूची भांडी जातात, तेथे हा माणसांच्या जिवाचा प्रश्न होय.

मापे जुळली तरी बोल्ट तिरका लागल्यास आट्यावर आटा चढतोच. त्यावर कसबी फिटरांची शिस्त अशी: आटे पुसून तेलाचा हात द्यावा, दोन्ही भोके एका रेषेत आणावीत, बोल्ट प्रथम उलटा फिरवावा आणि आटा जागी बसल्याची बारीकशी टिचकी बोटांना जाणवली, की मग सुलटा फिरवावा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्यावेत, पाना त्यानंतर. अडल्यास बोल्ट काढून पाहावा. इंची व मेट्रिक माल एका पेटीत कधीही ठेवू नये. पुढे हवेच्या दाबावर चालणारे पाने आले, तरी पहिले फेरे हाताने देण्याचा नियम सुटलेला नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्यामागे अशा असंख्य हातांची दक्षता होती. आपल्या घरांतील ज्या वडीलधाऱ्यांनी हाती पाना धरला, त्यांच्याकडून ही विद्या, तिच्या मराठी शब्दांसह, वेळीच टिपून ठेवावी, अशी वाचकांस आमची नम्र विनंती आहे.